आजोबांचा कागद

माझे आजोबा तळोदा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जन्मले आणि साहेबाचा घोडा दिसला की झाडीत पसार होत राहिले. कागदाशी त्यांनी जन्मभर जे अंतर राखले, त्याची शिक्षा मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या वर्षी मला झाली.

प्रांत कार्यालयाने दिलेला जातीचा दाखला पडताळणी समितीने तपासला, की त्याला व्हॅलिडिटी म्हणजे वैधता प्रमाणपत्र मिळते आणि तिच्याशिवाय राखीव जागा नाही. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा असल्याने त्याआधीचा पुरावा सर्वांत वजनदार. म्हणजे जो माणूस शाळेत गेलाच नाही, त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मला शोधायचा होता. अकरा चुलतभावांना फोन केले; अकराही जणांना त्या दिवशी नेमके शेतात पाणी भरायचे होते.

अखेर जुन्या कोतवाल बुकात आजोबांच्या जन्माची नोंद सापडली, पण मोडीत. मोडी वाचणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी अर्धा तास भिंग फिरवून सांगितले, की जातीच्या रकान्यात 'भि' आहे, पुढचे वाळवीने खाल्ले. 'भि' म्हणजे भिल्ल हे मला ठाऊक. पण तपासणाऱ्याला तो भिक्षुकही वाटू शकतो. (आजोबा भिक्षुक असते, तर साहेबाला पाहून पळण्याऐवजी पंचांग घेऊन पुढे झाले असते.)

मग गृहचौकशी झाली. कुलदैवत विचारल्यावर मी याहा मोगी म्हणालो, तिचे ठाणे देवमोगरा. ते गुजरातेत आहे असे कळताच तपासनिसाचे पेन थांबले. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा देवीचे मत कोणी घेतले नव्हते, हे मी मनातच ठेवले. तेवढ्यात आईने आतून अहिराणीत हाक दिली, "बठा भाऊ, चहा पी ल्या!" आणि बोलीचा रकाना धोक्यात आला. दैवत, बोली, चालीरीती जमातीशी जुळतात का हे पाहणारी अशी आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे; तरी दुसऱ्या दिवसापासून आई ओट्यावर बसून स्वतःच्याच भिलोरीचा, म्हणजे भिल्लांच्या बोलीचा, सराव करू लागली.

व्हॅलिडिटी आली. वडिलांकडच्या रक्ताच्या नातलगाची व्हॅलिडिटी पुढच्या अर्जदाराला मोठा आधार ठरते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत नऊ चुलतभावांचे फोन आले. उरलेले दोघे वंशावळीचे प्रतिज्ञापत्र तयार करूनच दारात उभे होते.