समुद्र तुमच्या बापाचाही नाही

कालपासून डोक्यातली तिडीक जात नाहीये. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, सकाळचा चहा गिळवला नाही, आणि आता हे लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पुळणीवर माणसं बसलेली असताना, पोरं किल्ले करत असताना, तिथे गाडी घालणारी जी जमात दर नाताळात किनाऱ्यावर उतरते, तिच्याबद्दल मला मनापासून चीड आहे.

बाबांना पुण्याची डिसेंबरातली थंडी सोसत नाही. गुडघे आखडतात, पहाटे उठून बसायलाही कोणीतरी हात द्यावा लागतो. म्हणून सुट्टीत त्यांना दापोलीखाली किनाऱ्यावर आणलं. वर दापोली गावात पठारावर चांगलीच थंडी असते, पण घाट उतरून खाली आलं की हवाच बदलते. समुद्र रात्रीही ऊब धरून असतो. पहाटे एक साधी शाल पुरते, सकाळचं ऊन अंगावर घेत बसता येतं. बाबा इथे आल्यापासून काठी न घेता अंगणात फिरायला लागलेत. संध्याकाळी वाळूवर खुर्ची टाकून बसायचं, सूर्य बुडाला की घरी परतायचं, एवढंच त्यांचं मागणं. एवढंच.

काल त्रयोदशी होती. आमच्या घरमालकीण काकू भरतीची वेळ तोंडी सांगतात, तिथीची पाऊणपट करायची. तेराचे पाऊण म्हणजे पावणेदहा. म्हणजे रात्री पावणेदहाला पूर्ण भरती आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पौर्णिमा जवळ आली होती, त्यामुळे पाणी फार लांबवर हटलं होतं आणि ओली, घट्ट, चकचकीत वाळू उघडी पडली होती. त्या वाळूत बारके खेकडे वरवरची वाळू तोंडाने चाळून त्यातलं खाणं वेचतात, उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून ठेवतात आणि बिळाभोवती त्यांची नक्षी तयार होते. बाबा खुर्चीतून वाकून ती भाच्याला दाखवत होते. मी शेजारी वाळूत बसले होते.

तेवढ्यात ती गाडी आली. काळ्या काचांची, मोठी, छताच्या खिडकीतून दोघेजण अर्धे बाहेर, आत गाणी इतक्या मोठ्याने की छातीत धडधडावं. आधी पाण्याच्या कडेकडेने सुसाट गेली, दोन्ही बाजूंना फवारे उडवत. मग परत आली. मग आमच्यासमोर गोल गोल फिरायला लागली. स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाकं जागेवर घसटवत, आणि बाहेर उभा एक जण मोबाईलवर ते टिपत होता. तिसऱ्या गोलात गाडीचं मागचं चाक आमच्यापासून हातभर अंतरावरून गेलं. ओली वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे बाबांच्या तोंडावर, चष्म्यावर, शालीवर. भाचा दचकून ओरडला. ती नक्षी गेलीच, तिच्या जागी वीतभर खोल चाकोरी.

मी उठले आणि गाडीसमोर उभी राहिले. म्हटलं, इथे माणसं बसलीत, दिसत नाही का, गाडी वर रस्त्यावर न्या. ड्रायव्हरच्या जागेवरच्या पोराने काच अर्धी खाली केली. वय असेल पंचवीस-सव्वीस. आवाज कमी करायचीसुद्धा तसदी घेतली नाही. म्हणाला, "ओ मॅडम, समुद्र काय तुमच्या बापाचा आहे का?"

माझे वडील तिथे, पाच पावलांवर, रुमालाने चष्मा पुसत बसले होते. त्यांनी ते ऐकलं. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस, कोणाला अरे-तुरे न केलेला. काही बोलले नाहीत. मला फक्त म्हणाले, "चल, वर जाऊ." त्या 'चल'चा मला सगळ्यात जास्त राग आहे. ज्यांनी जायला हवं होतं ते तिथेच गोल गोल फिरत राहिले आणि ज्यांना त्या किनाऱ्याची खरी गरज होती त्यांनी खुर्ची उचलली. हे असंच होतं दर वेळी. माजलेला राहतो, सभ्य माणूस उठून जातो.

नाही, समुद्र माझ्या बापाचा नाही. तुझ्याही नाही. पण तो रस्ता नाही, एवढं कळायला काय लागतं? वाळूचे ढिगारे आणि कासवांच्या विणीच्या जागा किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमध्ये सगळ्यात संवेदनशील भागात येतात. ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. आणि त्यांचा विणीचा हंगाम नेमका नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे हे नाताळचे दिवस भर हंगामातले. मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू लोटून निघून जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला अंडी वाचवायचं काम सुरू केलं, ते हळूहळू सगळ्या किनाऱ्यावर पोचलं. आज गावोगावचे कासवमित्र पहाटे अंधारात मैलोन् मैल चालतात, वाळूत मादीच्या सरपटण्याचा माग शोधतात आणि त्या मागावरून घरटं हुडकतात. तुमच्या टायरच्या रेघांखाली तो माग पुसला जातो. घरटं सापडत नाही. जे सापडत नाही त्याच्यावरची वाळू गाड्या फिरून फिरून घट्ट होते आणि पिल्लांना वर यायला वाट राहत नाही. एखादं आलंच वर, तर चाकोरीत पडतं आणि पाण्यापर्यंत पोचत नाही. कशासाठी? तर एका व्हिडिओसाठी.

आता पुढचं ऐका. सहा वाजून गेल्यावर मी अंगणात बाबांच्या गुडघ्यांना तेल चोळत होते आणि फाटकापाशी दोन पोरं आली. तीच. पायात वाळू, तोंडावर घाम. "ताई, गाडी अडकलीय, कोणी आहे का धक्का द्यायला?" दोन तासांपूर्वी मॅडम आणि बाप, आता ताई! ओहोटी पावणेचारला संपल्यावर पाणी परत येणारच होतं, त्याला कोणी थांबवणार नव्हतं. गोल गोल फिरवून मऊ केलेल्या वाळूत मागची चाकं रुतली, गाडी बाहेर काढायला ॲक्सिलरेटर दाबला तशी आणखी खाली गेली, आणि लाट बंपरला लागल्यावर यांना जाग आली. मी गेले नाही. कोणाला पाठवलंही नाही. आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

पण गावातली माणसं गेली. रात्री दोन-अडीचला होडी लोटायची असलेले मच्छीमार दोर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. शेतावरून ट्रॅक्टर आणला, तो घसरायला लागला म्हणून दुसरा आणला. साडेआठच्या पुढे ती गाडी बाहेर निघाली, तोवर आतल्या सीटपर्यंत पाणी गेलं होतं आणि आजूबाजूच्या पाण्यावर तेलाचा तवंग पसरला होता. एवढं झाल्यावर त्या पोरांनी ट्रॅक्टरवाल्याशी पैशांवरून हुज्जत घातली! त्याची झोप गेली, त्याचं डिझेल जळलं, आणि त्यालाच विचारतात, इतके कसे होतात. मला काकूंनी हे सांगितलं तेव्हा माझे हात थरथरत होते.

हे दर वर्षी होतं. दर डिसेंबरला कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर गाडी बुडाल्याची बातमी येते, फोटो येतो, लोक हसतात, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी बुडते. हसू नका! त्यात हसण्यासारखं काहीही नाही. त्या फवाऱ्यांमध्ये एखादं पोर सापडेल तेव्हाच गांभीर्य येणार आहे का?

आणि किनाऱ्यावर उतरायच्या रस्त्याला आमच्याकडून पावती फाडून घेतली होती. स्वच्छता आणि व्यवस्था असं त्यावर छापलंय. पैसे द्यायला माझी ना नाही, आनंदाने दिले. पण त्याच उतारावरून ती गाडी खाली गेली, पावती घेऊन, आणि पावती फाडणाऱ्या माणसाने साखळी स्वतः बाजूला केली. का सोडलंत विचारलं तर म्हणतो, पर्यटक नाराज होतात. मग मी कोण आहे? माझे बाबा कोण आहेत? आरडाओरडा करणाराच तेवढा पर्यटक आणि गुपचूप बसणारा कोणीच नाही?

व्यवस्था म्हणाल तर काल सकाळीच भाच्याच्या टाचेत काच गेली. बिअरच्या बाटलीचा तळ, वाळूत उलटा रुतलेला, कडा वर. सुरूच्या बनात तर पाय ठेवायची सोय नाही, सगळीकडे थर्मोकोलच्या ताटल्या आणि प्लॅस्टिकचे ग्लास. मर्यादवेल जिथे वाळू धरून ठेवते, तिच्यावरच शेकोटी पेटवलेली. ती वेल गेली की पावसाळ्यात ती पुळणही जाणार, हे यांच्या गावीही नाही.

पक्ष्यांनाही सोडत नाहीत. हिवाळ्यात कुरव, म्हणजे सीगल, येतात, काही तर थेट लडाख आणि मध्य आशियातल्या तळ्यांकडून. हजारांनी बसलेले असतात पाण्याच्या कडेला, वाऱ्याकडे तोंड करून. त्यांना गाठी आणि फरसाण फेकायचं, थवा उडाला की आपला फोटो काढायचा. मासे खाणाऱ्या पक्ष्याला तेलकट मीठ खायला घालून पुण्य लागतं असं यांना कोणी सांगितलं?

रात्रीचं तर बोलूच नका. दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. परवा शेजारच्या आवारात दीडपर्यंत धिंगाणा चालू होता. पोलिसांना फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं, कोणी आलं नाही. लोक म्हणतात, नाताळ आहे, चालायचंच. कुठला नाताळ? ज्यांचा हा सण आहे ती माणसं याच किनाऱ्यावर, रेवदंड्याजवळ कोर्लईला, वसईला, पिढ्यान् पिढ्या राहतात. मी वसईत लहानपणी मैत्रिणीच्या घरी नाताळ पाहिलाय. येशूच्या जन्माचा गोठा सजवायचा, मध्यरात्री नटूनथटून प्रार्थनेला जायचं, दुसऱ्या दिवशी ताटं भरून शेजाऱ्यांकडे फराळ पाठवायचा. त्या घरांत कोणी दारू पिऊन समुद्रात गाडी घालत नव्हतं. दुसऱ्यांच्या सणाचं नाव पुढे करून स्वतःचा माज भागवायचा, हा हलकटपणा आहे.

येतानाचा प्रवासही याच माजाचा होता. ताम्हिणीत वळणावर उलट बाजूने घुसलेल्या गाड्यांनी दोन्हीकडची वाट बंद केली. माणगावच्या बाजारपेठेत बाबा गाडीत पाय दुमडून किती वेळ बसले होते ते मलाच माहीत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा जन्मलेली पोरं शाळा संपवायला आली आणि आपण अजून खड्डे आणि वळणरस्ते मोजतोय. रेल्वेने यावं तर आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या तारखांना काही मिनिटांत प्रतीक्षायादी लागते. वर खेडला उतरून पुढे बाबांना एसटीच्या गर्दीत कोंबायचं. इतकं सोसून माणूस इथे येतो तो काय टायरखालची वाळू खायला?

आज सकाळी मी गाडीच्या नंबरासह तक्रार लिहून पोलीस ठाण्यात दिली, फोटो जोडले, पोच घेतली. वनखात्यालाही तीच प्रत पाठवली. मला कोणी म्हणालं, जाऊ द्या हो, सुट्टीत कशाला डोक्याला ताप. जाऊ देणार नाही. आजवर सगळ्यांनी जाऊ दिलं म्हणूनच तो पोरगा माझ्या वडिलांच्या देखत ते बोलू शकला.

काकूंच्या वाडीतली मंडळीही कालच्या प्रकाराने पेटलीत. ट्रॅक्टरवाल्याने पुढाकार घेतलाय. जुनी, वापरात नसलेली एक होडी आहे, ती त्या उतारावर आडवी लावायची आणि दोन्ही बाजूंना जांभ्याचे चिरे रचायचे. माणूस चालत जाईल, हातगाडी जाईल, चारचाकी जाणार नाही. पावती फाडणाऱ्याने कुरकुर केली, त्याला काकूंनीच गप्प केलं. उद्या सकाळी सातला सगळे जमणार आहेत, मी आणि भाचाही चिरे वाहायला जाणार आहोत. एकतीस तारखेच्या आत ती वाट बंद झालीच पाहिजे.