खातं थांबलंय? आधी देवाजवळ साखर ठेवा

ऑनलाइन धंद्याचे पैसे ज्या खात्यात घेता, त्याबद्दल सकाळी उठल्या उठल्या मोबाइलमध्ये 'आपले खाते तात्पुरते स्थगित करण्यात आले आहे' असा मेल दिसला, तर घाबरू नका. देवाजवळ साखर ठेवा. तुमचा धंदा चालायला लागल्याची याहून पक्की खूण नाही. ज्याच्याकडून कोणी काही घेत नाही, त्याचं खातं कोण कशाला थांबवेल?

'तात्पुरते' या शब्दावर फार विचार करू नका. तापी-पूर्णेच्या काठचं माणूस 'येतोच पाच मिनिटांत' म्हणतं, तेव्हा आपण घड्याळ बघतो का?

मेल पुन्हा एकदा वाचा. त्यात 'अंतर्गत धोरण' असेल, 'जोखीम' असेल, 'गैरसोयीबद्दल दिलगिरी' असेल. फक्त कारण नसेल. ते विचारायचंही नाही, कारण तोच पहिला असभ्यपणा. 2002 च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली संशयास्पद व्यवहाराचा अहवाल सरकारी यंत्रणेकडे गेला, तर तो गेल्याचं ग्राहकाला कळू द्यायचं नसतं. चोराला आधीच सावध करू नये, इतकी साधी गोष्ट. ती मला पटते. पण या एका शहाण्या नियमाच्या पडद्याआड किती आळस मुक्कामाला येऊन राहिला आहे, ते बघा. कागद नीट दिसत नव्हता, स्पेलिंग जुळलं नाही, तपासणारा सुट्टीवर होता, सगळ्याला उत्तर एकच: सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही. तेव्हा तुमचा गुन्हा तुम्हीच शोधायचा, तुम्हीच कबूल करायचा आणि चुकीचा कबूल केलात तर पुढचा शोधायचा.

आमच्या घरी हा शोध गेल्या उन्हाळ्यात झाला. माझी माय चोपडा तालुक्यात गल्लीतल्या आठ बायांना घेऊन बिबडे, उडदाचे पापड आणि कळण्याचं पीठ करते. ज्यांना बिबडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी: ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालायची, दळायची, तीळ-मिरची-लसूण घालून शिजवायची आणि ओल्या धोतरावर थापून कडक उन्हात वाळवायची. अर्धवट वाळलेला बिबडा शेंगदाण्याच्या तेलाशी खाणं हे त्या कामाचं खरं मानधन असतं, मजुरी वेगळी. मी कॉलेजात शिकलेली सगळी हुशारी वापरून तिला ऑनलाइन दुकान काढून दिलं. पैसे घ्यायला एका कंपनीचं खातं जोडलं. दहा महिने दुकान माशा मारत होतं. मग आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, जवळ आली आणि पुण्या-नाशकातल्या, सुरतेतल्या समस्त खान्देशी लेकीबाळींना एकदम माहेर आठवलं.

आखाजीच्या आधीच्या आठवड्यात खातं बंद. आत 26,480 रुपये.

आता खाती तपासणाऱ्या कंपनीच्या यंत्राच्या जागी बसून बघा. सालभर झोपलेलं खातं अचानक जागं होतं. तीनशे, साडेचारशे, दोनशे ऐंशी, अशा बारीक बारीक रकमा वेगवेगळ्या शहरांतून येतात, त्याही रात्री अकरानंतर, कारण पोरं झोपल्यावरच बाईला मोबाइल हाती येतो. यंत्राला आखाजी माहीत नाही. वाळवणाचा हंगाम माहीत नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाखेरीज बिबडा वाळत नाही, हेही माहीत नाही. त्याला एवढंच दिसतं की कोणीतरी काळा पैसा बारीक करून फिरवतो आहे. म्हणून माझा पहिला सल्ला: विक्री बारा महिने सारखी ठेवा. उन्हाळ्यात आलेली मागणी नम्रपणे नाकारा आणि श्रावणात, कानबाईच्या पावसात, छपरावर पापड वाळवून दाखवा. जमत नसेल तर आखाजी दर महिन्याला यावी म्हणून पंचांगवाल्यांना अर्ज करा.

दुसरा सल्ला नावाचा. खातं जोडताना बँक खात्यात एक रुपया टाकून नाव पडताळतात. आमच्याकडे बाईच्या नावापुढे 'बाई' लावायची रीत आहे. ती आधारवर लागली, पॅनवर लागली नाही, पासबुकात कारकुनाने नाव आणि 'बाई'मध्ये जागा सोडली. मायच्या मते ती एकच बाई आहे. कागदांच्या मते तिघी आहेत आणि तिघींनी मिळून पापडाचा कट रचलेला आहे. तेव्हा मुलीचं बारसं करताना आत्याबाईंना सांगा, कानात नाव सांगायच्या आधी स्पेलिंग पक्कं करा.

पत्ता. 'मारुतीच्या पाराजवळ, पाण्याच्या टाकीमागे' हा पत्ता पोस्टमनला पुरतो, कुरियरवाल्याला पुरतो, रात्री बारा वाजता लग्नाचं वऱ्हाड शोधत आलेल्या पाहुण्यालाही पुरतो. कंपनीला पुरत नाही. तिला घराचा क्रमांक आणि वीजबिल लागतं. वीजबिल आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबांना जाऊन पंधरा वर्षं झाली. ते वीजबिल जोडू नका. आम्ही जोडलं. त्यानंतर 'खात्याचा खरा लाभार्थी कोण' अशी विचारणा आली. आजोबा हयात असते तर त्यांनाही हा प्रश्न आवडला असता.

आमचा अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक होता, उद्यम नोंदणी होती. जीएसटी क्रमांक मागितला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने लिहिलं की पापडावर जीएसटी शून्य आहे आणि आमची उलाढालही तेवढी नाही. असं ज्ञान कधी पाजळू नका. ज्याला कायदा माहीत आहे तो जास्त संशयास्पद.

ग्राहकाची चौकशी मात्र कसून करा. गंमत नाही. समजा कोणा भामट्याने भलत्याच राज्यातल्या माणसाला गंडवलं आणि त्या पैशांतून साडेतीनशेचे पापड तुमच्याकडून मागवले. गंडलेला माणूस सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार करतो, करायलाच हवी. मग पैशाचा माग हातोहात निघतो आणि तुमच्या बँक खात्यापर्यंत येऊन थांबतो. पोलिसांना खातं गोठवायला पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 102 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 106 आलं, आकडा बदलला, कुलूप तेच राहिलं. साडेतीनशेसाठी अख्खं खातं गोठल्याच्या तक्रारी देशभर आहेत. म्हणून पापडाची ऑर्डर आली की विचारा: ताई, हे पैसे कुठून आणले? पगाराची चिठ्ठी पाठवा. जावईबापू काय करतात? आधीच्या खरेदीची यादी? एवढं झाल्यावर ताई पापड घेणार नाही आणि तुमचं खातं कायम सुरक्षित राहील.

तक्रार करताना यंत्राशी प्रेमाने बोला. 'नमस्कार, मी आपली काय मदत करू?' असं ते विचारेल. तुम्ही चार ओळींत रामायण लिहा. ते म्हणेल, 'मला समजलं नाही, कृपया पर्याय निवडा.' पर्यायांत 'पैसे कसे स्वीकारावे' असेल, 'नवीन खाते उघडा' असेल. 'माझे पैसे कुठे आहेत' नसेल. तीन दिवसांनी तुमची तक्रार सोडवल्याचं कळवून पाच तारे मागितले जातील. मी रागाने एक तारा दिला. मायने खांद्यावरून डोकावत विचारलं, "पैसा भेटनात का?" मी म्हटलं, तारा दिला. ती म्हणाली, "आते तारा बी आपलेच देना पडस का?"

मायच्या डोळ्यांपुढे जुनी पेढी आहे. रावेर-यावलकडे केळीचे पैसे बुडवून पळालेले व्यापारी तिने ऐकले आहेत, तिच्या भावाचे बुडालेही आहेत. पण पेढीला एक ओटा असायचा. त्यावर जाऊन बसता यायचं. दिवाणजी पाणी द्यायचे, तोंड चुकवायचे, खोटं बोलायचे, पण तोंड तरी असायचं. मला तिने गंभीरपणे विचारलं, कंपनीच्या ओट्यावर कसं जायचं. मी तिला गुगलवर बंगळूरची एक काचेची इमारत दाखवली. तिने फोटो बोटांनी मोठा करून ओटा शोधला.

पैशांची काळजी मात्र सोडा. ते अगदी सुरक्षित असतात. रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 मध्येच अशा कंपन्यांना बजावलं आहे की दुकानदारांचा पैसा आपल्या पैशात मिसळायचा नाही, बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचा. म्हणजे तुमचा पैसा कंपनीपासून वाचलेला आहे आणि तुमच्यापासूनही. काही करारांत 180 दिवसांपर्यंत रक्कम रोखून धरायची मुभा बारीक अक्षरांत असते. हिशेब सोपा: आखाजीला अडकलेला पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास मोकळा. तोवर उडदाच्या डाळीवाल्याला आणि लाटणाऱ्या आठ बायांना एस्क्रो समजावून सांगा. आमच्या गल्लीत मी तो प्रयोग केला. एका मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आज किती देता?

काही उपद्रवी लोक वेगळ्याच वाटेने जातात. ते पहिल्या दिवसापासून प्रत्येक ऑर्डरचं बिल, पोस्टाची पावती, ग्राहकाचा 'मिळालं' असा निरोप एका जागी ठेवतात. फोनवर न बोलता लेखी विचारतात. पोलिसांकडून खातं गोठलं असेल तर कुठलं ठाणं, तक्रारीचा क्रमांक काय, वादातली रक्कम किती, हे बँकेकडून लेखी मागतात आणि केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये वादातल्या रकमेपुरतंच खातं रोखा असं बँकांना सांगितल्याचा दाखला देतात. बँकेने तीस दिवसांत धड उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात तक्रार टाकतात. पैसे घ्यायची दोन खाती ठेवतात आणि घरखर्चाचं खातं धंद्यात मिसळत नाहीत. अशा लोकांच्या नादी लागू नका. त्यांच्यामुळे कंपन्यांना खरोखर माणूस नेमावा लागेल.

आमचं खातं सत्तेचाळीस दिवसांनी सुरू झालं. 'पुनरावलोकन पूर्ण झाले आहे' एवढा एक मेल. का बंद केलं ते सांगितलं नव्हतं, का सुरू केलं तेही नाही. तोवर मृगाचा पाऊस पडून गेला होता आणि उरलेले बिबडे डब्यात बंद होते.

परवा पुण्याहून एका बाईंची पाच किलोची ऑर्डर आली. लेकीच्या सासरी द्यायचं होतं. मी खूश होऊन मायला सांगितलं. तिने हातातलं लाटणं थांबवलं, पोरींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "त्यास्ले सांग भाऊ, थोडं थोडं घ्या."