थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो हो!

पास मारला जाताना बॉल आणि समोरच्या संघाचा शेवटून दुसरा खेळाडू या दोघांच्याही पुढे, त्यांच्या गोलजवळ उभं राहून खेळणं म्हणजे ऑफसाइड. पण थ्रो-इनवरून, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेरून हाताने आत टाकलेला बॉल मिळाला तर ऑफसाइड होत नाही. कॉर्नरवरून होत नाही, गोल किकवरूनही होत नाही. थ्रो-इनचा हा नियम शंभर वर्षांहून जुना आहे. तरीही मुंबईतल्या कुठल्याही मैदानाच्या कडेला जाऊन उभं राहा, "ऑफसाइऽऽड!" अशी बोंब कानावर पडतेच. आणि बोंब मारणाऱ्याच्या अंगात बहुतेक वेळा एखाद्या युरोपियन क्लबची महागडी जर्सी असते.

मला संताप येतो तो याचा. दिवसरात्र फुटबॉलवर बोलायचं, रेफ्रीच्या आईबापाचा उद्धार करायचा आणि सतरा नियमांचं एक पुस्तक, जे फुकट मोबाइलवर उघडता येतं, ते मात्र कधी उघडायचंच नाही.

सोमवारी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये पाऊल ठेवलं की हेच. "व्हीएआरने लुटलं." "रेफ्री विकला गेलाय." "हाताला लागला ना? मग पेनल्टी का नाही?" अरे, हाताला लागला की झाला हँडबॉल, असं नाहीये! हात मुद्दाम बॉलकडे नेला का, हात पसरून शरीराचा आकार विनाकारण मोठा केला का, हे बघावं लागतं. खांद्याला, म्हणजे काखेच्या रेषेच्या वर लागला तर तो हात धरतच नाहीत. सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागून बॉल दुसऱ्याकडे गेला आणि त्याने गोल केला, तर २०२१ पासून तो गोल धरतात. आणि व्हीएआर, व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणारी ती व्यवस्था, म्हणजे दुसरा रेफ्री नव्हे. २०१८ साली तो नियमांत आला तो मुळात चार गोष्टींसाठी: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दाखवलेलं कार्ड. तिथेही चूक ढळढळीत असेल तरच त्याने बोलायचं. म्हणून मैदानावरचा निर्णय 'असाही देता आला असता' या जातीचा असला तर तो तसाच राहतो. हे कितीदा सांगायचं? सांगितलं की उत्तर येतं, "तू कुणाला सपोर्ट करतेस ते आधी सांग." म्हणजे नियम कुणाच्या बाजूने आहे हे जर्सी बघून ठरवायचं!

मी काही व्हीएआरचं वकीलपत्र घेतलेलं नाही. ३० सप्टेंबर २०२३ ला, आपल्याकडे शनिवारी रात्री, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल गेला, तो मी स्वतः बघत होते. लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केलेला. व्हीएआरच्या खोलीतल्यांना वाटलं, मैदानावर गोल दिलाय. डियाझ ऑनसाइड आहे हे त्यांना दिसलं, त्यांनी "तपासणी पूर्ण" म्हणून कळवलं आणि गोल रद्दच राहिला. घोटाळा लक्षात आला तोवर खेळ सुरू झालेला, आणि एकदा खेळ सुरू झाला की मागे फिरता येत नाही. लिव्हरपूल २-१ ने हरलं, तेही भरपाई वेळेतल्या स्वयंगोलमुळे. त्या रात्री चिडणाऱ्या प्रत्येकाच्या मी बाजूने आहे. कारण तिथे मतभेदाला जागाच नव्हती, चूक कामाच्या पद्धतीतच होती. रेफ्रींच्या संस्थेला ती कबूल करावी लागली आणि काही दिवसांत त्या खोलीतलं संभाषण लोकांना ऐकवावं लागलं. पुढे जून २०२४ मध्ये त्याच लीगमधल्या वुल्व्ह्ज क्लबने व्हीएआर काढूनच टाका असा ठराव आणला, तो १९ विरुद्ध १ मतांनी पडला. पण निदान मतदान तरी झालं, सगळ्यांसमोर.

आणि आपल्याकडे?

११ जून २०२४, दोहा. वर्ल्ड कप पात्रता फेरी, भारत विरुद्ध कतार. आपल्या मुंबई सिटीच्या छांगतेने ३७ व्या मिनिटाला गोल केला. हे १-० शेवटपर्यंत टिकलं असतं तर भारत पहिल्यांदाच तिसऱ्या फेरीत गेला असता. ७३ व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतने हेडर अडवला, बॉल गोलरेषेपलीकडे गेला. आपली पोरं कॉर्नर धरून थांबली. तेवढ्यात कतारच्या खेळाडूने तो बाहेरचा बॉल पायाने आत ओढला, युसेफ आयमेनने जाळ्यात मारला आणि रेफ्रीने गोल दिला! त्या फेरीत व्हीएआर नव्हता. पुढे दुसरा गोल झाला, २-१, संपलं.

आता २०२२ चा वर्ल्ड कप आठवा. जपान विरुद्ध स्पेन, जपानच्या मितोमाने गोलरेषेवरून मागे ढकललेला तो बॉल. सगळ्या जगाला तो बाहेर वाटत होता, पण वरून पाहिल्यावर त्याची कड रेषेवर मिलिमीटरभर उरली होती, म्हणून गोल धरला गेला. अख्खा बॉल रेषेपलीकडे गेला तरच तो बाहेर. नियम तोच. तिथे मिलिमीटरचा हिशेब झाला, आणि आपल्या वेळी कुणी साधी एक रिप्ले बघायची सोय केली नाही. आपल्या फुटबॉल महासंघाने तक्रार केली, चौकशीची मागणी केली. निकाल जिथे होता तिथेच राहिला.

या गोष्टीवर आमच्या कँटीनमध्ये किती दिवस भांडण चाललं माहितीये? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये युरोची चर्चा सुरू झाली होती.

मार्च २०२३ मध्ये आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या सामन्यात बेंगळुरूला समोरचे तयार नसतानाच छेत्रीने मारलेली ती झटपट फ्री किक, तिच्यावर रेफ्रीने दिलेला गोल, त्यावरून केरळ ब्लास्टर्सचं मैदान सोडणं, मग ब्लास्टर्सला चार कोटींचा दंड आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी. मैदान सोडणं चूकच, त्यात दुमत नाही. पण क्लबला शिक्षा झाली, आणि रेफ्रींच्या हातात काय आलं? पुढचे दोन्ही हंगाम व्हीएआरशिवायच गेले. वरच्या लीगमधल्या रेफ्रीला उघड्या डोळ्यांवर सोडायचं आणि चुकला की त्यालाच फाडून खायचं.

आणि ते फाडून खाणं खाली कुठवर झिरपलंय ते मी परळच्या एका मैदानावर पाहिलंय. माझा भाचा चौदा वर्षांखालच्या संघात खेळतो. रेफ्री कॉलेजातला मुलगा, विशीचाही नसेल. थ्रो-इन झाला, समोरच्या संघातला मुलगा एकटाच पुढे होता, त्याने बॉल घेतला आणि गोल केला. चोख गोल. आमच्याच बाजूचा एक बाप "ऑफसाइड" ओरडत थेट मैदानात शिरला आणि त्या रेफ्री पोराच्या छातीला छाती लावून उभा राहिला. "किती खाल्लेस?" असं विचारलं त्याने. चौदा वर्षांच्या मुलांच्या मॅचमध्ये! मी मध्ये पडून नियम सांगितला तर म्हणाला, "ताई, तुम्हाला गेममधलं काय कळतं?" युरो २०२४ पासून फक्त कॅप्टननेच रेफ्रीशी बोलायचं अशी शिस्त मोठमोठ्या खेळाडूंना लावली गेली, आणि इथे बाप, कोच, काका सगळे रेफ्रीला घेराव घालतात. तो रेफ्री मुलगा त्या मैदानावर मला पुन्हा दिसलेला नाही. का येईल तो? कडक उन्हात लागोपाठ मॅचेस, प्रवासालाही पुरणार नाही असं मानधन, आणि वर ही बेअब्रू. मग उद्या म्हणायचं, भारतात चांगले रेफ्री का तयार होत नाहीत!

तुमच्या रागाला माझा विरोध नाही. फुटबॉलवर जीव असला की राग येणारच, मलाही येतो, रात्री दीड वाजता मॅच संपल्यावर झोप लागत नाही एवढा येतो. पण तो सगळाच्या सगळा मँचेस्टर आणि माद्रिदच्या रेफ्रींवर उधळून टाकता, ज्यांना तुमचा आवाज कधी ऐकूही येणार नाही. जुलै २०२५ मध्ये कराराच्या भांडणात आयएसएलचा अख्खा हंगाम लटकला. मुंबई सिटी याच शहराचा क्लब, दोनदा चषक जिंकलेला, आणि त्याच्या खेळाडूंना तेव्हा पुढची मॅच कधी ते माहीत नव्हतं. त्या आठवड्यात कँटीनमध्ये आर्सेनल कोणता स्ट्रायकर घेणार यावर तासभर वाद झाला. अंधेरीच्या मैदानावर कधीही पाय न ठेवलेली माणसं घसा फोडून भांडत होती.

तोच घसा महासंघासमोर फोडा ना! कतारच्या तक्रारीचं पुढे काय झालं ते विचारा. व्हीएआर कधी आणणार, पैसे कुठून काढणार, तारीख सांगा म्हणावं. जिल्ह्याच्या मॅचला उभ्या राहणाऱ्या रेफ्रीला किती देता आणि त्याच्या अंगावर धावून जाणाऱ्या बापावर काय कारवाई करता, हे लेखी मागा.