एका डब्याची गोष्ट

गेले आठ महिने मी एक डबा बनवतोय. काडेपेटीहून लहान, त्यात काही ठेवता येत नाही, तो उघडत पण नाही. पहिल्याच दिवशी बायकोने विचारलं होतं, "हा नक्की कशाचा डबा?" मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि उत्तर संपलं तेव्हा ती खोलीत नव्हती.

तुम्ही जाऊ नका, थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांकडे अमेरिकन शर्मन रणगाडे ढिगाने होते, पण त्यांची ७५ मिमीची तोफ जर्मनांच्या टायगर-पँथर रणगाड्यांच्या पुढच्या चिलखतापुढे हात टेकायची. ब्रिटिशांची स्वतःची १७ पाउंडर तोफ जबरदस्त, पण अवाढव्य. ती टरेटमध्ये, म्हणजे रणगाड्याच्या वरच्या फिरत्या बुरुजात, बसेना म्हणून आडवी केली, म्हणजे ९० अंशात कुशीवर झोपवली. तरी मागे धक्का खायला जागा नाही, कारण तिथे रेडिओ. मग टरेटच्या मागच्या भिंतीला भोक पाडलं, बाहेरून एक चिलखती डबा चिकटवला आणि रेडिओ त्यात ढकलला. आता तोफ मधे पसरल्यामुळे लोडरला, म्हणजे गोळे भरणाऱ्याला, बाहेर पडता येईना, तर त्याच्यासाठी छताला डावीकडे वेगळं हॅच, म्हणजे झाकणाचं दार, कापलं. पुढच्या मशीनगनवाल्याला घरी बसवलं आणि त्याच्या जागी गोळे भरले. झाला शर्मन फायरफ्लाय, जून १९४४ ला नॉर्मंडीत हजर. छोट्या खोलीत मोठं कपाट घुसवताना आपण जे करतो तेच, फक्त चिलखतात. असे दोन हजारांच्या वर रणगाडे त्यांनी केले. मी एक करतोय, १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं मॉडेल.

कोणी म्हणेल की फायरफ्लायचं आयतं किट मिळतं की. मिळतं हो. पण साध्या शर्मनची दोन किटं माळ्यावर पडून होती आणि "त्यात काय, एक डबा आणि एक नळी" हे वाक्य मी चार लोकांसमोर मोठ्याने बोलून बसलो होतो.

बहुतेक फायरफ्लाय शर्मनच्या एम४ए४ या प्रकारावर झाले, आणि त्या गाडीत क्रायस्लरने मोटारीची पाच इंजिनं एकत्र बांधून ३० सिलिंडरचं एक धूड केलेलं, ते मावावं म्हणून हल, म्हणजे रणगाड्याचं धड, सुमारे ११ इंच जास्त लांब. १/३५ ला ८ मिमी. म्हणजे माझा हल कापा, लांब करा, चाकांमधलं अंतर वाढवा. मी शहाणपणा केला आणि साध्या एम४ शर्मनवर केलेला फायरफ्लायचा आयसी प्रकार निवडला. आठ महिन्यांत केलेला हा एकमेव शहाणपणा.

मग मापं. चार ड्रॉइंग मिळाली, चारही आपापल्या जागी ठाम, डब्याची उंची प्रत्येकात वेगळी. बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममधल्या गाडीचे फोटो बघितले तर नेमके सगळे पुढून, कारण लोकांना तोफ आवडते, डबा कोणाला आवडतो. शेवटी युद्धातला एक फोटो सापडला, मागून काढलेला, एकदम स्पष्ट, आणि मला ज्या कोपऱ्याचं माप हवं होतं बरोब्बर त्या कोपऱ्यावर एका सैनिकाने आपला कोट वाळत घातलाय! त्या कोटाकडे मी इतक्या रात्री बघत बसलोय की त्याची बटणं मला पाठ आहेत.

ड्रॉइंग करायला बसलो तर वेगळीच गंमत. २ मिमीचा पत्रा १/३५ ला ०.०६ मिमी होतो, म्हणजे कागदच, तो रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर प्रिंट होत नाही, म्हणून जाड करायचा आणि कडा तासून पातळ भासवायच्या. आणि वेल्ड! कॉम्प्युटरला सरळ रेघ फुकट येते, वाकडी रेघ मात्र घाम काढते. ज्या वेल्डरने ती मूळ रेघ ओढली त्याच्या मागे पुढच्या रणगाड्यांची रांग असणार, त्याने घाईत ओबडधोबड काम उरकलं असणार आणि त्याच्या त्या उरकण्याची हुबेहूब नक्कल करायला मी तीन रविवार घातले. तोफेच्या नळीचं विचारू नका. खरी नळी ४.१९ मीटर, म्हणजे माझी १२० मिमी, आणि तेवढी लांब रेझिनची नळी दोन दिवसांत मान टाकते. अभिमान गिळून लेथवर कातलेली अॅल्युमिनियमची मागवली.

पहिला प्रिंट प्रिंटरची वरची प्लेट सोडून खाली टाकीच्या फिल्मला चिकटला. दुसऱ्यात सपोर्टचे, म्हणजे प्रिंटला आधार देणाऱ्या काड्यांचे, डाग बरोब्बर त्या तीन रविवारांच्या वेल्डवर. तिसरा झकास आला. तेव्हा मित्र म्हणाला मला पण एक हवा, म्हणून सिलिकॉनचा मोल्ड, म्हणजे साचा, करायला घेतला. प्लॅटिनम क्युअर नावाच्या प्रकारचं सिलिकॉन यूव्ही प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनच्या प्रिंटला लागलं की तिथे सेटच होत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी मोल्ड उघडल्यावर कळलं, जेव्हा डबा एका चिकट लगद्यात कुठेतरी होता. मग तो धुवा, परत यूव्हीखाली धरा, वर लॅकर मारा, परत ओता. पुढे साच्यात रेझिन ओतलं तर बुडबुडे. बुडबुड्याला अख्खा डबा मोकळा असतो पण तो बसणार बोल्टच्या डोक्यावरच.

शेवटी डबा आणि हॅचसकट टरेटचं छत, असे सहा सेट झाले. मित्र बघायला आला, छत हातात घेऊन बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "अरे, लोडर डावीकडे बसतो ना?"

"हो."

"मग त्याचं हॅच उजवीकडे कसं? तोफेवरून उडी मारायची का त्याने?"

स्लायसरमध्ये, म्हणजे प्रिंटरसाठी डिझाइन तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कधीतरी डावं-उजवं उलटं करणाऱ्या मिररवर क्लिक झालं होतं. डबा दोन्हीकडून सारखा, त्यामुळे त्याला फरक पडला नाही, छत मात्र पूर्ण उलटं. म्हणजे जी अडचण ब्रिटिशांनी सोडवली होती ती मी मेहनत घेऊन परत बसवली, सहा वेळा.

छत पुन्हा केलं, ते सांगत नाही, तेच सगळं परत. परवा रात्री डबा टरेटला चिकटवला. रेझिनला प्लॅस्टिकचा सिमेंट चालत नाही, सुपरग्लूच लागतो, आणि सुपरग्लू विचार करायला वेळ देत नाही. डबा एका बाजूला किंचित कलला. तोच कोपरा.

दहा मिनिटं बघत बसलो. मग एपॉक्सी पुट्टी मळली, पातळ लाटली, घड्या पाडल्या आणि कोपऱ्यावर टाकली. बटणं तर पाठच होती.

सकाळी बायकोने चष्मा लावून अगदी जवळून बघितलं. "कोट मस्त झालाय," ती म्हणाली, "पण तो डबा करत होतास ना, तो कुठाय?"