कूलर की चिलर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विद्यापीठ परिसराच्या पुनर्विकासावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की नागपूरला जाड भिंती, कडुनिंब आणि कूलर पुरतात. चिलर (म्हणजे पाणी गार करून अख्खी इमारत थंड करणारं मोठं यंत्र), सेन्सर हे सगळं ठेकेदारांचं पोट भरायला. तुमचा राग समजतो, आणि त्यातलं अर्धं मला पटतंही.

मे अखेरच्या नवतप्यात बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15-20 टक्के असते, तेव्हा चांगला कूलर 28 अंशांच्या आसपासची हवा देतो. तेवढ्यासाठी कॉम्प्रेसर चालवायची गरजच नाही. वर्गखोल्या आणि खानावळीला उन्हाळ्यात कूलरच लावा, असं मीही म्हणेन. पण पाऊस लागला की गणित फिरतं. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असली की तोच कूलर जेमतेम दोन-तीन अंश उतरवतो, वर दमटपणा वाढवतो. ग्रंथालयात असं दोन महिने चाललं तर पुस्तकांना बुरशी लागते. प्रयोगशाळेतल्या उपकरणांचंही तेच. म्हणजे थोडी वातानुकूलन यंत्रणा लागणारच. प्रश्न आहे तो किती, आणि तिथेच खरी उधळपट्टी होते.

होतं असं की नकाशा आधी पक्का होतो, पश्चिमेला मोठ्या काचा येतात, आणि मग यंत्रणेचा सल्लागार बोलावला जातो. तो सगळी सभागृहं एकाच वेळी खचाखच भरलेली धरतो. त्यावर सुरक्षिततेसाठी वीस टक्के. मग पुरवठादार त्याहूनही वरच्या आकाराचं यंत्र देतो. शुल्क प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीवर असेल तर हे कमी करण्यात कुणालाच रस नसतो. इथे तुमचा संशय रास्त आहे. नंतर तो अवाढव्य चिलर वर्षातला बहुतेक काळ अर्ध्याहून कमी भारावर चालतो आणि दर टनामागे (टन हे इथे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) बऱ्याचदा जास्त वीज खातो.

सेन्सरबद्दल मात्र मी तुमच्याशी असहमत आहे. साठ जणांच्या वर्गात पंधरा मुलं बसलेली असताना साठ जणांपुरती 44 अंशांची बाहेरची हवा आत ओढून थंड करायची कशाला? श्वासातून येणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर ते ओळखतो आणि हवा आत ओढणाऱ्या पंख्याचा वेग उतरवतो. वेग 80 टक्क्यांवर आला की पंख्याची वीज जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनानुसार घटते. सेन्सरचा खर्च यातूनच निघतो.

जाड भिंती, झाडं, पश्चिमेची सावली, पांढरं छप्पर आणि 75 वॅटऐवजी 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, हे सगळं चिलरचा आकार ठरवण्याआधी यायला हवं. कूलरला आणि कूलिंग टॉवरला (चिलरची उष्णता पाण्याने बाहेर घालवणाऱ्या मनोऱ्याला) पाणी लागतं, हेही विसरू नये. नागपूरजवळच्या कोराडीचं वीज केंद्र शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतं; मग वसतिगृहांचं सांडपाणी परिसरातच शुद्ध करून टॉवरला का देऊ नये?

आणि ठेकेदारांवर विश्वास नसेल तर निविदेतच लिहून घ्या: जुन्या इमारतींचा तासातासाचा वीजवापर मोजल्याशिवाय यंत्रणेचा आकार ठरणार नाही, आणि बसवलेल्या चिलरचा दर टनामागचा वीजवापर एक उन्हाळा, एक पावसाळा मीटरवर दाखवल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही.