मोबाईलवर होतं म्हणे सगळं

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. सकाळी फॅमिली ग्रुपवर वहिनीच्या बी.कॉम.च्या अ‍ॅडमिशनची बातमी टाकली. अंगठे आले, पेढ्यांचे इमोजी आले आणि मग एका काकांचा मेसेज, "छान. पण या वयात कॉलेजात जाऊन बसायची काय गरज? हल्ली मोबाईलवर सगळं होतं, घर सांभाळून." वर त्याला चौघांनी अंगठा दिला!!

काका, तुमच्या चिरंजीवांना लाखभर भरून क्लासला घातलंत तेव्हा त्याच्याकडे मोबाईल नव्हता का?

वहिनीचं लग्न झालं तेव्हा ती दहावी पास. मग मुलं, सासूबाईंचं आजारपण, मग लालबागला पोळीभाजी केंद्र. चाळिशी उलटल्यावर एक दिवस म्हणाली, भावोजी, मला अकरावीला बसायचंय. दाखला शोधायला दादा संगमेश्वरला जाऊन आला आणि ती रात्रीच्या ज्युनियर कॉलेजात जायला लागली. संध्याकाळी साडेसहाला वर्ग, म्हणजे गिऱ्हाईकाच्या ऐन टायमाला. वर्गात वॉचमन, कुरिअरवाले, एक शिवणकाम करणारी ताई, बाकी वीस-बावीसची पोरं. बाकं दिवसाच्या शाळेतल्या लहान मुलांची, गुडघे आपटायचे.

आधी तिने घरी यूट्यूबवर करून बघितलं होतंच की. अकाउंट्सचा तो माणूस फाडफाड बोलायचा, ही पॉज करायची, परत लावायची, तेवढ्यात कुकरची शिट्टी. वर्गात काय झालं सांगतो. सर हिशोब लिहायचा नियम सांगत होते, घेणारा नावे म्हणजे डेबिट, देणारा जमा म्हणजे क्रेडिट. सगळ्यांनी माना डोलावल्या, हिनेही डोलावली. सरांनी हिच्याकडे बघितलं आणि थांबले. म्हणाले, ताई, तुमची उधारीची वही असेल ना केंद्रावर? उद्या आणा. दुसऱ्या दिवशी ती कणकेचे डाग पडलेली वही फळ्याजवळ धरून त्यांनी अख्खा धडा शिकवला. महिन्याच्या डब्याचे पैसे थकवलेला तो ऋणको, पिठाच्या गिरणीचे आपण देणं लागतो तो गिरणीवाला धनको. वहिनी घरी येऊन म्हणाली, अहो भावोजी, मी इतकी वर्षं हेच करत होते! बघा ना, हे कुठल्या अ‍ॅपला दिसलं असतं? मान डोलावणाऱ्या बाईला कळलेलं नाही, हे कळायला समोर माणूस लागतो.

आता कोणीतरी म्हणेल, गावाकडे कुठे आहेत रात्रीचे वर्ग? बरोबर आहे, नाहीत. तिथे 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणं आणि पुढे मुक्त विद्यापीठ हाच आधार, आणि त्यावर कित्येकांची आयुष्यं उभी राहिलीत. मान्य. पण म्हणून जिथे वर्ग आहेत तिथेही लोकांनी घरीच बसायचं?

आणि सरकारला तरी काय बोलायचं. 2017 साली एका जीआरने दिवसा दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना रात्रशाळांतून काढून टाकलं. दुबार नोकरी नको, बेरोजगारांना संधी द्या, हा मुद्दा खोटा नव्हता, पण वर्ष सुरू व्हायच्या तोंडावर वर्गावर कोण उभं राहणार याचा विचार करायचा की नाही? रात्री शिकणारे मोर्चे काढत नाहीत हो, ते कामावर असतात. ज्या पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, त्या महाराष्ट्रात हे. बाबासाहेबांनी 1946 ला सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरदार पोरांना जमावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले होते. त्यांना नसतं का सांगता आलं, पुस्तकं घ्या आणि घरी वाचा?

जाऊ दे. काकाही वाईट नाहीत, वहिनीच्या बारावीच्या निकालाला पहिला फोन त्यांचाच होता. पण "घर सांभाळून" हे दोन शब्द आहेत ना, त्यांनी टाळकं सटकलं. त्या बाईला दिवसातले तीन तास कोणी "ओ वहिनी, अजून दोन पोळ्या" म्हणत नव्हतं, हजेरीत तिचं माहेरचं नाव पुकारलं जायचं कारण दाखल्यावर तेच होतं, आणि ती जोरात "हजर" म्हणायची. हे सांभाळायचं सोडून घर काय सांभाळता.

एफवायची, म्हणजे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची, लेक्चर्स सकाळी सातला आहेत. त्या वेळी केंद्रावर कणिक कोण मळणार यावरून सध्या घरात वाद पेटलाय. दादा म्हणतो एक बाई ठेवू. वहिनी म्हणाली, ठेवा, पण तिचा पगार नावे की जमा ते आधी सांगा. अजून उत्तर आलेलं नाही.