मांडीचं काय करणार?

उंची वाढावी म्हणून मुलं बारला लोंबकळतात, वजन उतरावं म्हणून धावतात. पण मांडी? भारतीय हवाई दलात वैमानिक व्हायचं तर ती ६४ सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नाही. एसएसबीत, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळापुढे, पाच दिवस धैर्य, बुद्धी, नेतृत्व सगळं दाखवून आलेला उमेदवार वैद्यकीय तपासणीत भिंतीला टेकून बसतो आणि निकाल गुडघा लावतो.

माप घेतात ते भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत. म्हणजे नाव मांडीचं, पण हिशेबात बैठकही धरलेली! माझ्या मते काठावरच्या उमेदवाराला एवढीच काय ती आशा: हाड झिजत नाही, बैठक झिजू शकते. इतका कडकपणा कशाला, तर इजेक्शनच्या वेळी, म्हणजे संकटात वैमानिक खुर्चीसकट विमानाबाहेर फेकला जातो तेव्हा, खुर्ची रुळांवरून सुटताना गुडघे समोरच्या पॅनेलच्या कडेत अडकू नयेत. अडकले तरी खुर्ची त्यांच्यासाठी थांबत नाही.

पाय ९९ ते १२० सेंटिमीटर. आखूड पडले तर रडरचं (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीचं) पेडल शेवटपर्यंत दाबलं जात नाही. बसलेली उंची ८१.५ ते ९६; कमी असली तर विमानाच्या नाकापलीकडचं दिसत नाही, जास्त असली तर हेल्मेट कॅनॉपीला, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला, लागतं. उभी उंची किमान १६२.५. आता गंमत बघा. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात, त्यामुळे संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटरभर बुटका भरतो. बुटक्याने पहाटेच माप द्यावं, उंचाने दिवेलागणीला. रांग मात्र दोघांची एकच.

एवढं सगळं जमवून जी खुर्ची मिळते तिची गादी एसटीच्या बाकाला लाजवेल इतकी कडक. हा कंजूषपणा नव्हे. गादी मऊ असली तर इजेक्शनच्या वेळी खुर्ची आधी गादी चेपत वेग घेते आणि मग खालून माणसावर आदळते. मणका मोडतो तो तिथे. पट्टे ढिले ठेवले तरी तेच. म्हणून डोकं मागे टेकलेलं, पाठ सरळ, कोपरं आत. लहानपणी ऐकलेलं ‘ताठ बस’ इथे शब्दशः पाळायचं असतं.

वजनाचं त्याहून निराळं. हलक्या माणसाला खुर्ची जास्त जोरात फेकते. २०१५ मध्ये अमेरिकेने ६२ किलोपेक्षा हलक्या वैमानिकांना एफ-३५ हे लढाऊ विमान उडवायला मनाई केली, कारण जड हेल्मेटसकट बाहेर फेकल्यावर मानेचं काही खरं नव्हतं. जगात बारीक असण्याची शिक्षा एवढी एकच असावी! मग हेल्मेट हलकं केलं, पॅराशूट उघडताना डोकं मागे झटकू नये म्हणून आधार बसवला आणि खुर्चीवर एक खटका दिला: हलक्या वैमानिकाने तो फिरवला की पॅराशूट जरा उशिरा उघडतं. २०१७ मध्ये मनाई उठली. भारदस्त वैमानिकांनी त्या खटक्याला हात लावायचा नाही.